भाषा न शिकता पाहिलेलं गाव

मुंबईत वीस-वीस वर्षं काढूनही ज्यांना भाजीवालीशी मराठीत दोन वाक्यं बोलता येत नाहीत, त्यांच्याबद्दल आपण घरात काय बोलतो ते सांगायला नको. मीही बोलते, आणि त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. ज्या गावाचं पाणी प्यायचं, त्या गावाची भाषा कानाला आणि जिभेला लागलीच पाहिजे. पण हाच नियम स्वतःला लावायची वेळ माझ्यावर साठी जवळ आल्यावर आली. तेव्हा कळलं की परदेशी निघताना आपण तो खुशाल घरी ठेवून जातो.

लेकीच्या बाळंतपणाला मी सहा महिने ह्युस्टनला होते. दर गुरुवारी घर साफ करायला एक बाई यायच्या. ग्वातेमाला या मध्य अमेरिकेतल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या देशातल्या आहेत, एवढं लेकीने सांगितलं होतं. त्या ओटा पुसायच्या, मी बाजूला बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालायची. आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो, आणि तिथेच संपायचं. पुण्यात माझ्याकडे येणाऱ्या मावशींच्या मुलीची फी किती, गुडघा कोणता दुखतो, गावच्या जमिनीचं भांडण कुठवर आलं, हे सगळं मला तोंडपाठ. ह्या बाईंना मात्र मी सहा महिन्यांत ‘चहा घेणार का?’ एवढंही विचारू शकले नाही.

अमेरिकेत घरात स्पॅनिश बोलणारी माणसं चार कोटींच्या वर आहेत. लेकीच्या वसाहतीत गवत कापायला, छपरं दुरुस्त करायला, रस्ते खणायला येणारी जवळजवळ सगळी माणसं आपसात स्पॅनिश बोलत होती. आमच्या ओळखीतली मराठी कुटुंबं तिथे पंधरा-वीस वर्षं राहतात. मुलांना शाळेत स्पॅनिश असतं, त्यात चांगले गुणही मिळतात. पण दारात उभ्या असलेल्या माणसाशी त्या भाषेत कुणी बोललेलं मी पाहिलं नाही. मला ते फार लागलं, कारण मुंबईच्या संदर्भात आपण ज्यांना बोल लावतो, त्यांच्यापेक्षा आपण वेगळं काही करत नव्हतो.

म्हणून पुढच्या खेपेला लेकीकडे जाताना मी चार आठवडे वेगळे काढले आणि ह्युस्टनहून ग्वातेमालाला गेले. विमानाने जेमतेम तीन तास.

आंतिग्वा हे तिथलं जुनं राजधानीचं गाव. 1773च्या भूकंपाने ते मोडलं, 1776मध्ये राजधानी आजच्या ग्वातेमाला सिटीला हलवली, आणि मागे राहिली ती पडकी चर्चेस, गोट्यांच्या फरसबंद गल्ल्या आणि दक्षिणेला अंगावर आल्यासारखा उभा असलेला आग्वा ज्वालामुखी. 1979मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. पण मी तिथे गेले ते या गावाने गेली पन्नासेक वर्षं जो एक व्यवसाय जोपासला आहे, त्याच्यासाठी. तिथे स्पॅनिशच्या शाळा आहेत आणि त्यांची पद्धत अशी की एका विद्यार्थ्याला एक शिक्षक. सकाळी चार तास समोरासमोर बसून बोलायचं, आणि राहायचं ते शाळेने ठरवून दिलेल्या घरात. तीन वेळचं जेवण त्या घरच्या माणसांबरोबर, त्यांच्याच टेबलावर. रविवारी घराला सुट्टी, तेव्हा आपलं आपण बाहेर जेवायचं. मला हे सगळं मिळून आठवड्याला साधारण 300 डॉलर पडले. इकडून युरोपला पंधरा दिवसांच्या सहलीला माणशी तीन-साडेतीन लाख सहज जातात, त्याच्याशी तुलना करून पाहा.

माझ्या शिक्षिकेला मी ‘सेन्यो’ म्हणायचे. तिथली शाळकरी पोरं बाईंना अशीच हाक मारतात. आपल्या ‘बाई’सारखीच. सेन्यो पहिल्याच दिवशी थक्क झाल्या, आणि त्यात माझी काही करामत नव्हती, माझ्या मातृभाषेची होती. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला ‘मे गुस्ता’ ही रचना पचवायला आठवडे लागतात, कारण इंग्रजीत आवडण्याचा कर्ता ‘मी’ असतो. स्पॅनिशमध्ये कॉफी मला आवडते, अगदी मराठीसारखी. एक आंबा असेल तर ‘गुस्ता’, अनेक असतील तर ‘गुस्तान’. आंबा आवडतो, आंबे आवडतात. आपण ‘घर पाहिलं’ म्हणतो, पण ‘आईला पाहिलं’ म्हणतो. हा माणसाला लागणारा ‘ला’ स्पॅनिशमध्येही आहे, फक्त तो ‘आ’ होऊन शब्दाच्या आधी येतो. पेला फुटला तर ‘मी पाडला’ असं त्यांनाही लगेच म्हणावंसं वाटत नाही. ‘से मे कायो’, म्हणजे माझ्या हातून पडला. त आणि द तर आपलेच, दातांना जीभ लावून म्हणायचे. शिवाय पोर्तुगीजांनी आपल्याकडे ठेवून दिलेले शब्द तिथे चुलतभावासारखे भेटतात. पाव म्हणजे पान, चावी म्हणजे याबे, आणि पगार तर ‘पैसे देणे’ या क्रियापदात जसाच्या तसा.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. आपल्याकडे स्पॅनिश शिकवताना पुस्तकं इंग्रजी, समजावून सांगणंही इंग्रजीतून. म्हणजे जी वाट आपल्याला सपाट होती, तिथे आधी इंग्रजीचा डोंगर रचायचा आणि मग तो चढायला शिकवायचं. मराठीतून शिकवलं तर निम्मी दमछाक वाचेल, असं मला चार आठवड्यांच्या अनुभवावरून ठामपणे वाटतं.

पण व्याकरण येणं वेगळं आणि घरात वावरता येणं वेगळं. ग्वातेमालात घरोघरी ‘पिला’ असते. सिमेंटचा मोठा ओटा, मधोमध पाण्याचा हौद, एका बाजूला भांडी घासायची जागा आणि दुसऱ्या बाजूला कपडे धुवायला खाचांचा उतरता दगड. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी आपली थाळी घासायला घेतली आणि साबणाची थाळी सरळ हौदात बुडवली. घरच्या आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी थाळी माझ्या हातून घेतली, हौदाच्या तळाचं बूच काढलं आणि सगळं पाणी सोडून दिलं. नळाला पाणी संध्याकाळी येणार होतं. मला तिथे उभं राहवेना, आणि माफी मागायला शब्द नव्हते. फोनवर वाक्य टाइप करून त्यांच्यापुढे धरावं असं एकदा मनात आलं, पण ओल्या हातांनी उभ्या असलेल्या बाईपुढे फोन धरणं मला बरं वाटलं नाही.

मला वाईट वाटलं ते आणखी एका कारणाने. वाईला माझ्या आजोळी परसात हौद होता. ‘हात बुडवू नको, तांब्याने घे’ हे आजीचं वाक्य आमच्या चार भावंडांच्या कानात कायमचं बसलेलं. म्हणजे नियम मला ठाऊक होता, घर माझ्या ओळखीचं होतं, आणि तरी मी तिथे गेल्यावर परक्यासारखी वागले. दुसऱ्या दिवशी सेन्योंना ही हकिगत मी अडखळत सांगितली. त्या सकाळचे चारही तास आम्ही पिलेवरच बोललो. पाणी घ्यायचा वाडगा, घासणी, साबण, खाचांचा दगड, ‘माफ करा, मला माहीत नव्हतं’, ‘आमच्याकडेही असंच असतं’. दुपारी मी आजींना वाईच्या हौदाबद्दल सांगितलं. भूतकाळ सगळा चुकलेला, पण ‘तांब्या’ म्हणताना हाताने दाखवलं, तेव्हा त्यांनी आपला वाडगा उचलून माझ्यापुढे धरला. त्या दिवसापासून भांडी मी घासायची, हे त्या घरात ठरून गेलं.

‘स्थानिकांसारखं जगा’ असं सांगणाऱ्या जाहिराती आपण पाहतो. माझा त्यांच्यावर आक्षेप आहे तो इथे. स्थानिक जगणं ही दुकानात मिळणारी वस्तू नाही. बाजारात जाऊन मक्याच्या रोट्यांचे फोटो काढता येतात. पण शनिवारी संध्याकाळी एखाद्या घरावर लाल दिवा लागला की तिथे तामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, विकायला आहेत, हे घरातल्या कुणी तरी सांगावं लागतं. सांगितलं तरी तिथे जाऊन ‘बिनमांसाचे आहेत का?’ हे विचारता यावं लागतं. मी मांस खात नाही हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तरी सुपात कोंबडीचं पाणी आलं, कारण त्यांच्या लेखी सुपातलं पाणी म्हणजे मांस नव्हे. ते समजावून सांगायला दुसरा आठवडा उजाडला. आणि एकदा समजल्यावर काळा घेवडा, तळलेली केळी, भात आणि गरम रोट्या यांवर माझं उत्तम चाललं. मका चुन्याच्या पाण्यात उकडून ठेवायचा आणि सकाळी दळून आणायचा, यासाठी गल्लीच्या तोंडाला गिरणी असते. तिथल्या रांगेत उभं राहिलं की गल्लीतल्या बातम्या कानावर पडतात. तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या निम्म्या मला कळू लागल्या. गिरणीवाला ‘फीहेसे के…’ म्हणून सुरुवात करायचा. शब्दशः ‘लक्षात घ्या, की…’, पण खरा अर्थ ‘आता त्याचं काय झालं, की…’. पुढे नकार किंवा अडचण ठरलेली. फीहेसे के, वीज गेली. फीहेसे के, पट्टा तुटला. सरळ ‘नाही’ म्हणणं तिथे उद्धट वाटतं, म्हणून हे दोन शब्द आधी मऊ गादीसारखे अंथरतात. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

आता मोठ्या प्रश्नाकडे येते. बार्सिलोनाचे महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जून 2024मध्ये जाहीर केलं की शहरातल्या 10,101 पर्यटक-सदनिकांचे परवाने नोव्हेंबर 2028नंतर चालू ठेवणार नाही. कारण साधं आहे. शहरात राहणाऱ्यांना घरभाडं परवडेनासं झालं. मेक्सिको सिटीच्या सरकारने ऑक्टोबर 2022मध्ये एअरबीएनबी आणि युनेस्कोबरोबर करार करून लॅपटॉपवर काम करणाऱ्या परदेशी मंडळींना बोलावलं. 4 जुलै 2025ला त्याच शहरात रोमा आणि कोंदेसा या वस्त्यांमध्ये वाढत्या भाड्यांविरुद्ध मोर्चा निघाला. दुकानांच्या काचा फुटल्या, ते वाईटच झालं. पण फलकांवरच्या मागण्यांत कर भरा याच्या जोडीला स्पॅनिश शिका हेही होतं. घर गमावणाऱ्या माणसाला भाड्याइतकंच हेही टोचतं, की आलेला माणूस आपल्याशी बोलायचीही तसदी घेत नाही.

सदनिका भाड्याने घेणारा प्रवासी स्थानिक माणसाला त्याच्या घरातून उठवतो आणि त्याच घरात बसून ‘स्थानिक’ होतो. आंतिग्वाच्या पद्धतीत घरची माणसं घरातच राहतात. आपण त्यांच्यात एक खोली घेतो, त्यांच्या वेळेला जेवतो, त्यांच्या पिलेवर भांडी घासतो, आणि पैसे स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातात पडतात. म्हणून माझं म्हणणं असं आहे की परक्या देशाचं रोजचं जगणं पाहायचं असेल तर तिथे शिकायला म्हणून जावं. शिकणाऱ्याला चुका करायची मुभा असते आणि त्याला कुणाचं तरी ऐकावं लागतं. पैसे मोजून आलेल्या गिऱ्हाइकाला कुणी हौद रिकामा करून दाखवत नाही, त्याची साबणाची थाळी हसून सहन करतात.

गोव्यात आसगाव-शिवोलीकडे घरं घेऊन राहणाऱ्यांत कोंकणी किती जण शिकतात, हे सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला विचारावं. बार्सिलोनाला नुसती स्पॅनिश शिकायला जाणाऱ्यानेही आधी हे समजून घ्यावं, की त्या गावाची आपली भाषा कातालान आहे.

यावर दोन आक्षेप मला माझ्याच मैत्रिणींकडून ऐकायला मिळाले. पहिला वेळेचा. नोकरदार माणसाला वर्षातून पंधरा दिवस सुटी, त्यात म्हातारे आई-वडील बरोबर. त्यांना ग्रुपबरोबर जाणं सोयीचं, आणि त्यात कमी काही नाही. माझ्या सासूबाईंनी पंचाहत्तरीत स्वित्झर्लंडचा बर्फ अशाच सहलीत पाहिला. त्यांचा तो आनंद मी कधीही खोटा म्हणणार नाही. पण ज्यांचे पाय धड आहेत आणि ज्यांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा परदेशी जाता येतं, त्यांनी पंधरा दिवसांत सात देश करण्याऐवजी एका गल्लीत पंधरा दिवस का काढू नयेत? दोन आठवड्यांत भाषा येत नाही, हे खरं. पण शेजारी नावाने हाक मारू लागतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्पॅनिश ही तिथली भाषा तरी कुठे आहे? ती तलवारीबरोबर आली. ग्वातेमालात मूळ रहिवासी माया लोकांच्या 22 भाषा आहेत, शिवाय शिंका आणि गारिफुना या आणखी दोन भाषा. 2018च्या जनगणनेत जवळपास 42 टक्के लोकांनी स्वतःची ओळख माया अशी सांगितली. 1960 ते 1996 या यादवी युद्धात दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि सत्यशोधन आयोगाला ज्यांची ओळख पटली त्या बळींपैकी 83 टक्के माया होते. त्या काळात रस्त्यावर आपली भाषा बोलणंही जिवावर बेतण्यासारखं होतं. आणि भाषा शिकली की माणूस आपोआप सज्जन होतो, असंही नाही. 1579मध्ये गोव्याला आलेले फादर थॉमस स्टीफन्स कोंकणी-मराठी उत्तम शिकले, पण ते धर्मप्रसारासाठी. ग्वातेमालाचे पहिले बिशप फ्रान्सिस्को मार्रोकीन हेही माया भाषा शिकले, त्याच कामासाठी.

पण याच बिशपचं नाव लावणाऱ्या एका संस्थेने पुढे जे केलं, त्यामुळे मी हा आक्षेप ऐकूनही मागे हटत नाही. आंतिग्वातल्या प्रोयेक्तो लिंग्विस्तिको फ्रान्सिस्को मार्रोकीनने 1970च्या दशकात माया तरुणांनाच भाषाशास्त्र शिकवलं. त्यांनी आपापल्या भाषांचे कोश आणि व्याकरणं केली. या कामाला पैसा लागत होता, आणि त्यातला काही परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवून उभा राहिला. त्या पिढीतल्या लोकांच्या रेट्यातूनच 1990मध्ये माया भाषांची अकादमी कायद्याने स्थापन झाली. 2003मध्ये या सर्व भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून कायद्याची मान्यता मिळाली. परक्या पाहुण्याच्या शिकवणीचा पैसा स्थानिक भाषेच्या कोशात जाऊ शकतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

या शाळांत सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. शिक्षकांना बहुतेक ठिकाणी तासावर पैसे मिळतात. विद्यार्थी नाही तर पगार नाही. 2020मध्ये विमानं बंद झाली तेव्हा त्यांचे हाल झाले, कित्येकांनी फोनवरून शिकवण्या घेऊन दिवस काढले. आणि पाहुण्यांमुळे आंतिग्वाच्या मधल्या भागातली भाडी इतकी चढली की शिकवणारे स्वतः शेजारच्या खेड्यांतून रोज बसने येतात. म्हणून शाळा निवडताना फीबरोबर दोन प्रश्न विचारावेत, शिक्षकाला यातले किती आणि घराला किती. मी उशिरा विचारले. पहिल्याच पत्रात विचारायला हवे होते.

आणि आता आपलं. मराठीला 3 ऑक्टोबर 2024ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. बाहेरून आलेल्यांनी मराठी शिकावी असं आपण रोज म्हणतो. पण उद्या एखादा बंगाली इंजिनिअर किंवा कोरियन बाई म्हणाली, ‘मला चार आठवडे एका मराठी घरात राहून, रोज चार तास एकाच शिक्षकाकडे मराठी शिकायची आहे’, तर तिला कुठे पाठवायचं? वाईत विश्वकोशाचं कार्यालय आहे, घाट आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, मुलं शहरात गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या खोल्या आहेत. कोकणात घरगुती राहण्या-जेवणाची सोय तर गावोगाव रुजलेली आहे. तिथे पाहुण्याला मोदक वाढतात, त्याच्याबरोबर रोज दोन तास बोलायला एक माणूस बसवला तर? एका शिक्षकाकडे एकच विद्यार्थी, शिकवणाऱ्याला रास्त मोबदला, आणि घर कुणाचंही न उठवता. भाषा शिका असं दटावणं मी समजू शकते. पण दटावणाऱ्याने ओटीवर बसायला जागाही द्यावी. ग्वातेमालासारख्या छोट्या देशातल्या एका लहानशा गावाला जे जमलं, ते वाईला, गुहागरला जमणार नाही असं मी मानत नाही.

आंतिग्वाहून परत ह्युस्टनला पोचले तो बुधवार होता. गुरुवारी सकाळी त्या बाई आल्या. मी दार उघडलं आणि ‘चहा घेणार का?’ हे वाक्य म्हटलं, ‘उस्तेद’ लावून, अहो-जाहो करत. त्या फडकं हातात घेऊन उभ्याच राहिल्या. मग आम्ही बसलो. त्या तोतोनिकापानच्या. स्पॅनिश त्यांना सातव्या वर्षी शाळेत शिकावं लागलं. घरची भाषा किचे, माया भाषांपैकी एक. गावाकडे दर महिन्याला पैसे पाठवतात, बहिणीचं घर त्यावर बांधून झालं, फोनवर फोटो दाखवला. घराच्या अंगणात पिला होती. ती मी ओळखली आणि नाव घेतलं, तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. मी किचेतला ‘आभारी आहे’ हा शब्द विचारला. ‘माल्त्योश’. मी तो वहीत देवनागरीत लिहून घेतला आणि त्यांना वाचून दाखवला. त्यांची मुलं इंग्रजी बोलतात, थोडी स्पॅनिश, किचे नाही. हे सांगताना त्या माझ्या दोन वर्षांच्या नातीकडे बघत होत्या. ती टीव्हीपुढे बसून इंग्रजी गाणं म्हणत होती.

‘ही तुमची भाषा बोलते का?’ त्यांनी विचारलं.

‘फीहेसे के…’ मी सुरुवात केली.